एका बोटाचा प्रश्न

"मला अंपायर व्हायचं आहे," असं मी घरात पहिल्यांदा मोठ्यानं म्हणालो, तेव्हा बायको कांदा चिरत होती. तिनं सुरी खाली ठेवली, डोळे पुसले (कांद्यामुळे, गैरसमज नसावा) आणि विचारलं, "पडद्याचा रंग ठरला का?"

प्रश्न असंबद्ध वाटेल, पण नव्हता. पुढच्या खोलीच्या खिडकीला निळा पडदा लावायचा की पिवळा, हे ठरवायचं काम तिनं एकदा चांगल्या मनानं माझ्यावर सोपवलं होतं. त्याला आठ महिने झाले होते. तेवढे दिवस त्या खिडकीवर एक जुनी चादर दोन खिळ्यांना लटकत होती आणि आमच्याकडे येणाऱ्याजाणाऱ्यांना आमचं रंगकाम चालू आहे असं वाटत होतं.

माझा स्वभावच तसा आहे आणि त्यात नोकरीनं भर घातली. मी एका मोठ्या कार्यालयात आवक-जावक विभागात आहे. आलेल्या कागदाला क्रमांक द्यायचा, त्यावर दोन्ही बाजू मांडणारी सुरेख टिपणी लिहायची आणि शेवटी 'आदेशार्थ सादर' असं लिहून तो वर पाठवायचा. बावीस वर्षं मी हे करत आलो आहे. या बावीस वर्षांत माझा एकही निर्णय चुकलेला नाही. करायचाच नाही म्हटल्यावर चुकणार कसा?

मग अंपायर होण्याचं हे खूळ कुठून आलं? ते नवं नाही. लहानपणी आमच्या गल्लीत बॅटिंग करणाऱ्या टीमनं अंपायर द्यायचा असा कायदा होता. मला बॅट धरता येत नसे, म्हणून दोन्ही टीमच्या वतीनं मीच उभा राहायचो आणि मला ते मनापासून आवडायचं. बाकीची पोरं चौकार मारायची स्वप्नं बघत. मला मात्र सगळे एकदम वळून आपल्याकडे बघतात तो क्षण हवा असायचा. सातवीत असताना मी माझ्या थोरल्या आतेभावाला आउट दिलं. तो आउट होता, आजही आहे. पण तो बॅट घेऊन माझ्या मागे लागला, घरापर्यंत आला, आणि आत्यानं मलाच विचारलं, "तुला नसत्या उठाठेवी कोणी सांगितल्या होत्या?" त्या दिवशी मी ठरवलं की यापुढे काही ठरवायचं नाही. माझ्या आयुष्यातला तो शेवटचा ठाम निर्णय.

आता सत्तेचाळिसाव्या वर्षी पेपरात जाहिरात दिसली: नोंदणीकृत पंच होण्यासाठी प्रशिक्षण, लेखी परीक्षा, प्रत्यक्ष सामन्यात चाचणी. वयोमर्यादा अठ्ठेचाळीस. मला सत्तेचाळीस वर्षं आणि नऊ महिने झाले होते. म्हणजे तीन महिन्यांत होईन, नाहीतर कधीच होणार नाही. ती जाहिरात मी कापून पाकिटात ठेवली आणि चार दिवस छातीवर धोंडा ठेवल्यासारखा हिंडलो. पाचव्या दिवशी अर्ज भरला. खरं सांगायचं तर मी भरला नाही, मुलीनं भरला आणि मी नुसता "पाठवू का? नको पाठवू? बघ बाई," असं म्हणत मागे उभा होतो. "बाबा, गेला," ती म्हणाली. मला दरदरून घाम फुटला.

बातमी इमारतीत पसरायला जिना उतरण्याइतकाच वेळ लागला. वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर सकाळी सातला हजर. त्यांना ज्या विषयातलं काही कळत नाही त्या विषयात ते जास्त मोकळेपणानं बोलतात.

"अंपायरला लागतं व्यक्तिमत्त्व," मास्तर माझ्याकडे आपादमस्तक बघत म्हणाले. "ते तुमच्याकडे नाही. पण हरकत नाही, बोट तर आहे! सगळा खेळ बोटाचा आहे. करा बघू वर."

मी केलं.

"हे काय? वर्गातून बाहेर जायची परवानगी मागताय का? खांद्यापासून! बोटात जरब पाहिजे!"

मग रोज सकाळी आमच्या गॅलरीत मी खांद्यापासून बोट वर करायचा सराव करू लागलो. समोरच्या इमारतीतल्या बाईंनी तिसऱ्या दिवशी माझं बोट बघून वर बघितलं, गच्चीवरची पाण्याची टाकी वाहतेय असं समजून धावत जिना चढल्या आणि टाकी ठीक आहे म्हणून माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. त्याहून वाईट म्हणजे हाताला सवय लागली. कार्यालयाच्या मासिक बैठकीत "मोडकं फर्निचर मोजून नोंदीतून काढणाऱ्या निर्लेखन समितीवर काम करायला कोण तयार आहे?" असं विचारलं गेलं, त्याच वेळी मी टेबलाखालून मनातल्या मनात एका फलंदाजाला बाद करत होतो. बोट टेबलावर कधी आलं मला कळलं नाही. टाळ्या वाजल्या तेव्हा कळलं. पुढचे दोन महिने रोज दुपारी मी तळघरात खुर्च्यांचे पाय मोजत होतो.

खालच्या मजल्यावर दाताचे डॉक्टर राहतात. माणूस दिलदार. "पांढरा कोट लागेल ना? माझा घ्या!" म्हणाले, आणि आणूनही दिला. कोट अंगाला बरोबर बसला. फक्त त्याच्या खिशावर लाल धाग्यानं 'वेदनारहित' असं भरतकाम होतं. मी ते उसवू का असं विचारणार होतो, पण डॉक्टर इतक्या कौतुकानं बघत होते की जीभ उचलेना.

प्रशिक्षणाचे वर्ग एका शाळेत संध्याकाळी भरत. शिकवायला एक साठीच्या पुढच्या, उंच, उन्हानं रापलेल्या बाई होत्या. चाळीस वर्षं अंपायरिंग केलेलं. आम्ही त्यांना आपसात पंचबाई म्हणायचो. त्या फार बोलत नसत. तुम्ही उत्तर दिलंत की त्या नुसतं "हं" म्हणत आणि त्या 'हं'चा अर्थ तुम्ही घरी जाऊन लावत बसायचं. वर्गात बाकी सगळे पंचविशी-तिशीचे. मला त्यांच्यातल्या एकानं पहिल्या दिवशी "सर, वर्ग किती वाजता सुरू करणार?" असं विचारलं होतं, आणि ते मला आवडलं होतं हे कबूल करतो.

लेखी परीक्षेत मात्र माझी शोभा झाली. प्रश्न असा होता: चेंडू बॅटला आणि पॅडला जवळजवळ एकाच वेळी लागला, जोरदार अपील झालं, तुम्ही काय कराल? मी दोन पानं लिहिली. फलंदाजाची बाजू मांडली, गोलंदाजाची मांडली, पूर्वीच्या पद्धतीचा संदर्भ दिला, सगळं मुद्देसूद. आणि हाताला बावीस वर्षांचं वळण! शेवटच्या ओळीत मी ठळक अक्षरात लिहिलं, 'निर्णयार्थ सादर'. खाली तारीखही घातली.

पंचबाईंनी मला बोलावलं. पेपर पुढे सरकवला. "हे कोणाला सादर?"

"म्हणजे… वर," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा काढून छताकडे बघितलं. "मैदानावर वर कोण असतं?"

मीही छताकडे बघितलं. त्या "हं" म्हणाल्या आणि मी नापास झालो. माझ्या टिपणीच्या नमुन्यावर कार्यालयात नवे लोक शिकतात, आणि इथं तिच्यावर लाल भोपळा! मी घरी येऊन जेवलो नाही. एक पोळी कमी खाल्ली, म्हणजे त्याला न जेवणंच म्हणायचं.

त्या दिवशी बायकोनं घराचा कारभार बदलला. "आजपासून या घरात तुम्हाला कोणी काही सांगणार नाही," तिनं जाहीर केलं. "कोणता शर्ट, कोणती भाजी, छत्री न्यायची की नाही. तुमचं तुम्ही." मी म्हटलं, "पण तुझं मत काय?" ती म्हणाली, "माझं मत संपावर गेलंय." दुसऱ्या दिवशी मी कपाटासमोर वीस मिनिटं उभा राहून कार्यालयात उशिरा पोचलो. आठवडाभर एकच भाजी आणली, कारण मंडईत दुसरी घ्यायची तर पहिली सोडावी लागते. पण हळूहळू, सांगायला लाज वाटते, मजा येऊ लागली. एका शनिवारी मी पिवळं कापड घेऊन घरी आलो. बायकोनं ते उजेडात धरलं आणि म्हणाली, "मला निळं आवडलं असतं." मी म्हणालो, "आता पिवळं आलंय." हे ऐकून आम्ही दोघंही जरा घाबरलो. पण पडदा पिवळाच लागला. आणि महिन्याभरानं लेखी परीक्षा परत दिली, तेव्हा त्याच प्रश्नाला दोन पानांऐवजी मी एकच शब्द लिहिला: नाबाद. पास झालो.

आता राहिली प्रत्यक्ष सामन्याची चाचणी. त्यासाठी कार्यालयाचं ना हरकत प्रमाणपत्र लागत होतं. मी अर्ज लिहिला आणि तो आवक विभागात, म्हणजे माझ्याकडेच, दाखल केला. त्याला क्रमांक दिला, पोच दिली, पोच घेतली. टिपणी लिहिली आणि वर पाठवला. आठ दिवसांनी तो शेरा घेऊन परत आला: 'अर्जदाराने मैदानावर घेतलेल्या निर्णयाची जबाबदारी कार्यालयावर येईल काय? खुलासा करावा.' मी खुलासा केला. पुढचा शेरा: 'अर्जदार पडल्यास?' मी त्याचाही खुलासा केला. पंच सहसा पडत नाहीत. मग मोठ्या साहेबांचा शेरा आला: 'चर्चा करावी.' आमच्याकडे ज्या फायलीवर 'चर्चा करावी' येतं तिच्यावर पुढे कोळी जाळं विणतात. माझ्या अठ्ठेचाळिसाव्या वाढदिवसाला सतरा दिवस राहिले होते. मला झोप लागेना.

आणि साहेबांनी खरंच बोलावलं.

"बसा," ते म्हणाले. बावीस वर्षांत प्रथमच मला ती खुर्ची मिळत होती. "अंपायर होताय म्हणे! छान. पुढच्या रविवारी आपला वार्षिक सामना आहे, मुख्यालयाविरुद्ध. दरवर्षी माझे पीए अंपायर असायचे, ते निवृत्त झाले. तुम्ही उभे राहा. तीच तुमची चाचणी होऊ द्या."

"आभारी आहे साहेब."

"या सामन्यात मी गेली पंधरा वर्षं ओपनिंगला येतो," साहेब पेनाचं टोपण काढत म्हणाले. "पन्नास झाले की मी होऊन परत येतो. एकदाही आउट झालेलो नाही. ही एक परंपरा आहे. तुमच्यासारखा माणूस तिथे हवा. तुम्ही कधी कोणाला दुखवत नाही." आणि त्यांनी सही केली.

मी प्रमाणपत्र घेऊन बाहेर आलो. हवं ते मिळालं होतं आणि तोंडाची चव गेली होती. 'तुमच्यासारखा माणूस' हे शब्द कानात बसले. अपमान असा की त्यात एकही अक्षर खोटं नव्हतं.

चहाच्या टेबलाशी रोखपाल आणि मंडळी टपूनच बसली होती. प्रत्येकाचं साहेबांशी जुनं काही ना काही होतं. कोणाची रजा नामंजूर, कोणाची बदली, कोणाला सगळ्यांदेखत झापलेलं.

"पंधरा वर्षं आम्ही टाळ्या वाजवतोय," रोखपाल म्हणाले. "आता तू आहेस. चेंडू पायाला लागला रे लागला की बोट वर! कुठला का असेना."

"पण आउट असला तर ना?"

"ते आम्ही ठरवू," रोखपाल म्हणाले. "तू फक्त बोट वर कर. पुरुषासारखा उभा राहा की एकदा."

म्हणजे एकाच चेंडूसाठी माझ्याकडे दोन परस्परविरोधी आदेश होते. फाइल असती तर 'दोन्ही आदेश पाहता पुढील मार्गदर्शन व्हावे' म्हणून मोकळा झालो असतो.

रविवारी सकाळी कोट घालून मी बसथांब्यावर उभा होतो. एक आजी जवळ आल्या, खिशावरची अक्षरं वाचली आणि तोंड उघडून मागची दाढ दाखवू लागल्या. मी दंतवैद्य नाही हे त्यांना पटेना. "सुट्टीच्या दिवशी बघायचं नसेल तर तसं सांगा," म्हणून त्या फणकाऱ्यानं निघून गेल्या. दिवसाची सुरुवातच अशी झाली.

मैदानावर तंबू लागला होता. मुख्यालयाचे संचालक पाहुणे म्हणून आले होते. आमचं अख्खं कार्यालय, बायको, मुलगी, मास्तर आणि कोटाचे मालक डॉक्टर, सगळे हजर. पंचबाई माझी चाचणी घ्यायला आल्या होत्या आणि मैदानाच्या कडेला, खेळपट्टीच्या आडव्या बाजूला, खुर्ची टाकून वही घेऊन बसल्या होत्या. त्यांनी मान हलवून माझा नमस्कार घेतला आणि कोटाचा खिसा वाचला. "हं," त्या म्हणाल्या.

आमची बॅटिंग आधी. साहेब आले, टाळ्या झाल्या, सामना सुरू झाला. मुख्यालयानं या वर्षी संचालकांच्या नव्या ड्रायव्हरला गोलंदाजीला आणलं होतं. पोरगा ताडमाड, दणदणीत वेगाचा, आणि आमच्या परंपरेबद्दल त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं. तरी साहेब बरे खेळले. सत्तावीस झाले. माझ्या खिशातले चेंडू मोजायचे सहा खडे मात्र घामानं भिजले होते.

आणि तो चेंडू आला. साहेबांच्या लेग स्टंपच्या बाहेर टप्पा पडला, चेंडू सरळ आला आणि धप्पदिशी त्यांच्या पॅडवर आदळला. बॅट कुठेच नव्हती. ड्रायव्हर वळून माझ्याकडे बघत ओरडला. कीपर ओरडला. सगळे क्षेत्ररक्षक ओरडले. आणि तंबूतून आमचं स्वतःचं कार्यालय उभं राहून ओरडलं! रोखपालांचा आवाज सगळ्यांच्या वर होता. आपल्याच कप्तानाविरुद्ध अपील करणारा संघ क्रिकेटच्या इतिहासात दुसरा झाला असेल असं मला वाटत नाही.

सगळे वळून माझ्याकडे बघत होते. सातवीतला तोच क्षण. फरक एवढाच की आता मला टप्पा स्वच्छ दिसला होता. लेग स्टंपच्या बाहेर टप्पा पडला तर पायचीत देता येत नाही. हा नियम काही कोणाच्या मर्जीवर नाही.

मी मान हलवली. "नॉट आउट."

पण माझ्याकडे बघायला साहेब थांबलेच नव्हते. चेंडू पॅडला लागलेला त्यांना कळला होता, एवढा गलका ऐकून त्यांना वाटलं आपण गेलो. शिवाय समोर संचालक बसले होते. साहेबांनी बॅट काखेत मारली, टोपी काढली आणि खिलाडूपणानं तंबूकडे चालू लागले. तंबूत टाळ्यांचा कडकडाट झाला. पंधरा वर्षांत पहिल्यांदा त्या टाळ्या मनापासून होत्या. संचालक सुद्धा "वा, वा!" म्हणाले.

आता बघा. मी गप्प राहिलो असतो तर सगळं जग सुखी होतं. साहेब खिलाडू ठरत होते, कार्यालयाचं पंधरा वर्षांचं स्वप्न पुरं होत होतं, ड्रायव्हरला बळी मिळत होता आणि मला साहेबांना बाद करावंही लागत नव्हतं. कोणी काही विचारणार नव्हतं. इतकी सोयीची गोष्ट माझ्या आयुष्यात कधी घडली नव्हती. फक्त माणूस आउट नव्हता. आणि फलंदाज गैरसमजातून निघाला तर त्याला परत बोलावणं हे अंपायरचं काम आहे, असा नियम आहे. तो त्या मैदानावर दोघांनाच माहीत असावा, आणि त्यातल्या एक कडेला खुर्चीत बसल्या होत्या.

मी कंबरेखाली दोन्ही हात एकमेकांवरून फिरवले. "डेड बॉल! साहेब! थांबा!"

साहेब थांबले. टाळ्या थांबल्या.

"परत या."

"अहो, मी आउट आहे," साहेब लांबूनच म्हणाले, हसत.

"नाही साहेब. तुम्ही आउट नाही."

"मी स्वतः म्हणतोय ना!"

"तुम्ही म्हणून चालत नाही," मी म्हणालो. आवाज माझाच होता, पण मी तो याआधी ऐकला नव्हता. "ते मी ठरवायचं."

साहेबांचं हसू उतरलं. ते चार पावलं परत आले आणि हळू आवाजात म्हणाले, "हे तुम्ही लेखी द्याल?"

"सामना संपला की देतो. आता बॅट घ्या."

मग जे सुरू झालं ते विचारू नका. "चमचा!" तंबूतून कोणी तरी ओरडलं. "शेपूट घातलं रे!" "प्रमोशन पक्कं!" ड्रायव्हर कमरेवर हात ठेवून माझ्याकडे अशा नजरेनं बघत होता की मी त्याच्या गाडीखाली आलेलं काही तरी असावं. रोखपालांनी माझ्याकडे पाठ फिरवली. बावीस वर्षांत कधी कोणाला दुखवलं नव्हतं, आणि एका मिनिटात मैदानावरची आणि मैदानाबाहेरची सगळी माणसं माझ्यावर चिडली होती, साहेबांसकट! मला रडू येईल असं वाटलं. लाज नव्हती ती. राग होता, अन्यायाचा राग. आयुष्यात पहिल्यांदा मी शूर झालो होतो आणि बघणाऱ्यांना ते हुबेहूब लाळघोटेपणासारखं दिसत होतं! ओरडून नियम सांगावासा वाटला. पण अंपायर खुलासे करत नाही. मी एक खडा या खिशातून त्या खिशात टाकला आणि उभा राहिलो.

पुढचा चेंडू. रागावलेल्या साहेबांनी बॅट गरकन फिरवली. चेंडू कीपरच्या हातात गेला. ड्रायव्हर माझ्यावर रुसलेला, त्यानं अपीलही केलं नाही. तो आधीच पाठ करून चालू लागला होता. क्षेत्ररक्षकांनाही काही वाटलं नाही. कीपरनं तेवढं, चहा झाला का विचारावं तशा सुरात, "हाउज दॅट?" म्हटलं.

मी ऐकलं होतं. अगदी बारीक, नखानं कागद टोकरल्यासारखा आवाज. बॅटची कड.

मी हात खांद्यापासून वर केला. बोट सरळ आभाळाकडे.

मैदानावर कोणाला काही कळेना. साहेब डोळे विस्फारून बघत राहिले. "अहो, आत्ता तर तुम्हीच मला परत बोलावलं!"

"तेव्हा नव्हतात," मी म्हणालो. "आता आहात."

मग साहेबांनी हळूच बॅटच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि ते निघाले. तंबूत टाळ्या वाजवायच्या की नाहीत हे कोणाला ठरवता येईना. पहिली टाळी बायकोची होती. ती मला दुरूनही ओळखू येते, डबा झाकल्यासारखी वाजते. मग मुलीची, मग मास्तरांची, "खांद्यापासून! खांद्यापासून केलं!" असं ओरडत. मग ड्रायव्हर धावत आला आणि त्यानं माझा हात धरून गदागदा हलवला. अंपायरला असं करायचं नसतं हे मी त्याला सांगितलं.

दोन डावांमधल्या सुट्टीत पंचबाई आल्या. हातात वही. माझा वाढदिवस आठ दिवसांवर होता आणि त्यांच्या पेनाच्या टोकावर माझं सगळं होतं.

"तो पायचीतचा," त्या म्हणाल्या. "मला आउट वाटला."

चाळीस वर्षं अंपायरिंग केलेली बाई! हो बाई, चुकलंच माझं, असं म्हणायला तोंड उघडलं होतं, मी खोटं बोलत नाही.

"नाही बाई," मी म्हणालो. "टप्पा लेग स्टंपच्या बाहेर होता. तुम्ही आडव्या बाजूला बसला होतात, तिथून ते दिसत नाही."

"मी चाळीस वर्षं हेच बघते आहे."

"असाल. नव्हता आउट."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मीही बघितलं. दोघांपैकी कोणीच नजर खाली घातली नाही. मग त्यांनी वहीतलं पान उलटून माझ्यापुढे धरलं. त्यावर माझा निकाल लिहून, सही करून झाली होती: उत्तीर्ण. त्यांनी तो पायचीतच्या चेंडूनंतरच, मी साहेबांना परत बोलावलं त्या मिनिटाला लिहिला होता. शेजारी वेळसुद्धा टाकली होती.

"मग आत्ता विचारलंत कशाला?" माझा आवाज जरा चढलाच.

"बघावं म्हटलं," पंचबाई म्हणाल्या. "पुढच्या रविवारी आठ वाजता सामना आहे, गोदीच्या मैदानावर. तिथली माणसं वाईट शिव्या देतात."

"येतो."

डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मी बाहीनं पुसलं आणि परत मैदानात गेलो. दुसरा डाव सुरू व्हायचा होता. आता आमचा संघ क्षेत्ररक्षणाला होता. रोखपाल सीमारेषेवरून माझ्याकडे बघून ओशाळं हसले. मी हसलो नाही, मला काम होतं. खडे मोजले. स्टंप सरळ केले. गोलंदाज तयार होता, फलंदाज तयार होता, सगळे आपापल्या जागी उभे होते आणि काहीच घडत नव्हतं.

मिड ऑफला मोठे साहेब उभे होते. त्यांनी घड्याळ बघितलं, इकडेतिकडे बघितलं, मग माझ्याकडे. घसा साफ केला.

"सुरू करायचं का?" त्यांनी विचारलं. विचारलं बरं का, सांगितलं नाही.

आधी मी एकदा चारी बाजूंना बघून घेतलं. तेवढा वेळ दहा क्षेत्ररक्षक, दोन फलंदाज, तंबू, संचालक आणि मोठे साहेब माझ्यासाठी थांबून राहिले.

"प्ले," मी म्हणालो.